तीनशे दोनची पहिली अंघोळ

१८ ऑगस्ट, सोमवार

कंपनीने जानेवारीत वाटलेल्या या डायरीच्या कव्हरवर बर्फात अर्धं बुडालेलं घर आहे. खिडकीत पिवळा उजेड, आत कोणीतरी लोकरीचे मोजे घालून बसलेलं असणार. हे चित्र ठाण्यात वाटतात! आठ महिने डायरी कोरी पडली होती. आज उघडली, कारण मनातलं ओकायला दुसरी जागा नाही. घरी बोललं तर बाबा ऐकतात, ऑफिसात बोललं तर दिपेश.

दिपेश आमचा सेल्स हेड. आज त्याने वागळे इस्टेटच्या ऑफिसात केक कापला. बाळकुमच्या टॉवरचं काम मिळालं. बावीस मजले, एकशे बत्तीस फ्लॅट, गच्चीवर एकच बॉयलर आणि घरोघरी नळाला चोवीस तास गरम पाणी. बिल्डरने ऐटीत बाथरूममध्ये गीझरचा पॉइंटच ठेवलेला नाही. आधीचा कॉन्ट्रॅक्टर भिंतीत पाइप घालून पळाला आणि चार महिने लोक शेगडीवर पातेली तापवून अंघोळी करतायत. "गीझर म्हणजे चाळीची मेंटॅलिटी, संदेश," दिपेश तोंडात क्रीम भरून मला म्हणाला. "जगात ट्रेंड हाच आहे." ते क्रीम त्याच्या मिशीला लागलं होतं आणि मी ते बघत उभा होतो, कारण काम बसवून द्यायचं आहे मला.

मशीन मात्र चांगलं आहे, हे लिहायला हवं. जुने बॉयलर धुरातून बरीच उष्णता वर सोडून देतात. हा धूर इतका गार करतो की त्यातल्या वाफेचं पाणी होतं, आणि ती उष्णताही पदरात पाडून घेतो. शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग कामी येतात. अट एकच, त्याच्याकडे परत येणारं पाणी गार हवं.

बाबांना सांगितलं. ते ऐकून घेतात आणि गप्प बसतात. त्याचा मला जास्त राग येतो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

बाळकुमला गेलेलो. जमीन ज्यांची होती त्या काळुराम पाटलांचा नातू मयूर बिल्डरचा पार्टनर आहे. गॉगल डोक्यावर, पायात पांढरे बूट. ड्रॉइंगमध्ये गच्चीवर तीन तीन हजार लिटरच्या दोन टाक्या आहेत. एका टाकीच्या जागी त्याला गझिबो हवाय. संगमरवरी फरशी, वर छप्पर, बसायला झोपाळा.

"साहेब, इथून खाडीचा काय व्ह्यू आहे बघा ना," तो म्हणाला. "टाकी काय बघायची? एकात भागवा की यार."

दिपेश लगेच म्हणाला, "भागेल." त्याला पाण्याचा एक थेंब तापवता येत नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला कोण अडवणार! दोन तासांनी पाण्याचा हिशेब करणाऱ्या कन्सल्टंटचा मेल आला, की एक टाकी पुरे आहे. घरंच्या घरं एका वेळी अंघोळ करत नाहीत, शंभरातले अठ्ठावीस नळ एकदम चालू राहतील असं धरा. कन्सल्टंटनेच लिहिलंय म्हटल्यावर विषय संपला.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी बाबा माझ्या कागदांवर वाकले होते. बाबांनी एकतीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या कापड रंगवायच्या कंपनीत बॉयलर अटेंडंट म्हणून काढली. कंपनी बंद पडली तरी हात तसेच आहेत, दिसेल त्या पाइपला हात लावून बघतात.

"अठ्ठावीस म्हणजे काय रे?"

सांगितलं. कोणी सहाला अंघोळ करतं, कोणी नऊला, कोणी संध्याकाळी. हा अख्ख्या जगाचा हिशेब आहे.

"आणि दिवाळीत?"

मी म्हटलं, बाबा, हे शास्त्र आहे. ते खुर्चीत जाऊन बसले. बायको, शिवानी, आतून ओरडली की गीझरचं पाणी संपलं वाटतं. तिने गार पाण्याने उरकलं, तिला सवय आहे. आमचा गीझर पंधरा लिटरचा, माझी अंघोळ झाली की तेवढंच. लेकीचं, सान्वीचं, शाळेचं पाणी आधीच काढून ठेवलेलं असतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

गणपती संपले, काम सुरू. आज पळून गेलेल्या कॉन्ट्रॅक्टरचे पाइप धुवायला घेतले. आमचा फिटर धाकू, पंचावन्न वर्षांचा माणूस, कधी नाक मुरडत नाही. त्याने खालचा व्हॉल्व्ह उघडला आणि मागे सरला. काळा गाळ. तेल, गंज, सिमेंट, त्यात गुटख्याची पुडी आणि एक मेलेली पाल, तीही सडलेली नाही, लोणच्यासारखी मुरलेली. चार महिने हे पाइपात होतं, आणि हे पाणी लोकांच्या डोक्यावर पडणार होतं. दुपारचा डबा तसाच परत आणला.

संध्याकाळी टँकरचं पाणी तपासलं. इतका क्षार की दोन वर्षांत सगळीकडे चुन्याचा थर बसेल. मी क्षार काढणारा सॉफ्टनर मागितला. दिपेश म्हणाला, "पुढच्या फेजला." आमच्याकडे पुढची फेज म्हणजे कधीच नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

तिसऱ्या मजल्यावरचा दाब मोजायला तीनशे दोनमध्ये गेलो. ते काळुराम काकांचं घर. चहा दिल्याशिवाय सोडेनात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, आवाज अजून शेताच्या बांधावरून हाक मारल्यासारखा.

"इंजिनेर, जमीन दिली तवा बिल्डरला मी येकच बोललो. मना दुकान नको, जास्तीचं पार्किंग नको. हिचे नलाला गरम पानी पायजे. कागदावर लिवून घेतलंय."

त्यांची बायको, सगुणा काकी, पाय पसरून बसल्या होत्या. दहाव्या वर्षापासून मिठागरात राबलेल्या. त्या टाचा मी बघितल्या आणि नजर फिरवली. भेगा नाहीत त्या, चिरे आहेत. सांधे इतके आखडलेले की सकाळी तासभर उठता येत नाही. गरम पाणी अंगावर पडलं की मग माणसात येतात. नातसून दिशा, म्हणजे मयूरची बायको, रोज दोन पातेली तापवून देते.

"हिनं काय केलं म्हायताय?" काका म्हणाले. "घरान बारा मानसां. सगल्यांचे न्हाऊन झाले का मंग ही न्हायची, उरलेले पान्यान. दिवालीलाही. साठ वरसां! या दिवालीला पयली आंगोल हिची. नलाचे पान्यान. अख्ख्या भावकीला सांगून ठेवलंय मी."

काकींनी हात झटकला, पण लाजल्या. मग मला विचारलं, "यंतर तुमचा वर गच्चीवर, मी खाली. पानी येवरं खाली येईपरत थंड नाय व्हनार?"

मी त्यांना समजावलं, पाणी सतत वरखाली फिरत राहतं, नळ उघडला की लगेच गरम. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला वाटतं त्यांना पटलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

बॉयलर सोमवारी घटस्थापनेला पेटला. निळी ज्योत, आवाज फ्रिजएवढा. नळाला गरम पाणी आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मयूरने ड्रोन उडवला. पण रिपोर्टला हवे अठ्ठ्याण्णव, आणि आकडा येतोय अठ्ठ्याऐंशी पूर्णांक सहा. तीन दिवस तेच. ज्या नळीतून धुराचं पाणी ठिबकायला हवं, ती कोरडी.

आज बाबा टेंभी नाक्याच्या देवीला आलेले. दर्शन झालं तशी मला फोन करून बाळकुमला आले, नको म्हटलं तरी. वर आले, चप्पल काढली आणि परतीच्या पाइपवर हात ठेवला. लगेच उचलला.

"हे पाणी एवढं गरम परत का येतंय? मग उष्णता दिलीस कोणाला?"

कारण मला माहीत होतं. नळाला लगेच गरम पाणी हवं म्हणून दिवसरात्र ते बावीस मजले फिरवतोय. कोणी वापरलं नाही की ते तसंच कढत परत येतं, धूर गार होत नाही, आकडा पडतो. हे सगळं त्यांनी एका हाताने ओळखलं, आणि मी धाकूसमोर म्हटलं, "तुम्ही खाली जाऊन बसा, इथे सेन्सर आहेत." त्यांनी चप्पल घातली आणि गेले. कोणाला न सांगता डोंबिवलीला घरी परतले, हे मला रात्री कळलं.

२ ऑक्टोबर, दसरा

मयूरने खंडेनवमीला बॉयलरची पूजा घातलेली. झेंडूचा हार कुठे घालावा? तर हवा आत घेण्याच्या जाळीवर. रात्रभर मशीनने पाकळ्या ओढल्या, पहाटे श्वास कोंडून बंद. दसऱ्याच्या दिवशी मी जाळीतून चिकट, कुजका झेंडू चिमट्याने उपसत होतो. सोनं वाटायला गेलो तेव्हा बोटांना तोच वास. सगळ्यांचा वीट आलाय.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आता खरं लिहितो, कारण कोणी वाचणार नाही.

अठ्ठावीसचा आकडा कन्सल्टंटचा नव्हता. मूळ कागदावर पंचेचाळीस होता. पंचेचाळीसला दोन टाक्या लागतात. दिपेश "भागेल" म्हणाल्यावर मी लॅपटॉप उघडून आकडा खाली खाली आणत गेलो, एका टाकीत बसेपर्यंत. अठ्ठावीसला बसला. मग कन्सल्टंटला फोन करून तो सांगितला, त्याने विचारलं, "अठ्ठावीस ठीक आहे ना?" मी म्हटलं, ठीक आहे. त्याने तेवढं लिहून पाठवलं. ऑगस्टमध्ये या डायरीतसुद्धा मी ते त्याच्या नावावर घातलं. डायरीशी खोटं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

बाबांचं एक ठरलेलं वाक्य आहे. लॉगबुकात काटा दिसेल तेवढाच लिहायचा. त्यांच्या कंपनीत एकाने दाब न बघता आदल्या दिवशीचा आकडा उतरवला होता, आणि त्याचा हात गेला. लहानपणी ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की कंटाळा येतो.

दिपेश रोज विचारतो, "अठ्ठ्याण्णव कधी?" मी त्याला दुसरी टाकी हवी म्हणून मेल लिहिला. पाठवला नाही. टाकीच्या जागेवर आता झोपाळा झुलतोय आणि त्यावर सोसायटीची बायकामुलं फोटो काढतायत. तिथून बॉयलरचं ठिबकणारं पाणी जायला वाट नव्हती म्हणून मयूरने ती नळी गझिबोच्या फरशीखाली वळवलीय. ते पाणी आंबट असतं, आधी चुनखडीच्या डब्यातून सोडावं लागतं, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "थेंब तरी येतो का, साहेब?" खरंच येत नव्हता.

१९ ऑक्टोबर, रविवार

उद्या पहिली अंघोळ. टाकी अठ्ठावन्न अंशांवर आहे. सोसायटीच्या ग्रुपवर मयूरने टाकलंय, "उद्या पहाटे शेगडी बंद, नळ चालू!!" खाली शंभर अंगठे. मी पहाटे चारला गच्चीवर असेन. शिवानी म्हणाली, पहिल्याच दिवशी घरी नाही? बाबा म्हणाले, "जाऊ दे त्याला."

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

आजच लिहितो.

साडेचारला पहिला नळ उघडला. पावणेपाचला मीटरवर बघितलं, शंभरातले साठ नळ चालू. पाचला नव्वद. अख्ख्या इमारतीला सूर्य उगवायच्या आत न्हायचं होतं. कोणी नरकात जायला तयार नव्हतं. आणि ही अंघोळ तरी साधी का असते? आधी तेल, मग उटणं, ते काढायला दुप्पट पाणी, दोनदा साबण. कोणत्याही देशाच्या पुस्तकात ही सकाळ नाही. ती बाबांच्या डोक्यात होती.

पाच दहाला टाकी रिकामी. म्हणजे भरलेली, पण गार पाण्याने. बॉयलर पूर्ण जोरात चालला होता आणि पुरा पडत नव्हता.

आणि तेव्हा ती कोरडी नळी ठिबकायला लागली. मग धारच लागली. परत येणारं पाणी गार, धूर गार, सगळी वाफ मोकळी. मीटर चढत गेला. ब्याण्णव, पंच्याण्णव, सत्त्याण्णव. पाच पंचवीसला अठ्ठ्याण्णव पूर्णांक एक. महिनाभर ज्याच्यासाठी झुरलो तो आकडा, लोकांच्या अंगावर गार पाणी पडत असताना आला. तो आपोआप दिपेशच्या फोनवर गेला. त्याचा मेसेज आला: "मस्त!! दिवाळी गिफ्ट!!" आणि चार फटाके.

ग्रुपवर दुसरंच काही. "तेल लावून बसलोय, पाणी कुठे आहे?" "मुलगा कुडकुडतोय." कुडकुडतोय! ऑक्टोबर हीट, माझ्या पाठीवर घामाच्या धारा, आणि हे कुडकुडतायत. सव्वीस डिग्रीच्या पाण्याने कोणी मरत नाही. नंतर एकेक जण वरच यायला लागले. टॉवेल गुंडाळलेले, अंगभर उटण्याचे पिवळे लेप, केसांतून कानावर ओघळणारं तेल, आणि सगळे एकदम बोलणारे. नुसत्या टॉवेलवरचा एक गृहस्थ झोपाळ्यावर जाऊन बसला आणि तिथून मला शिव्या देत राहिला. खोबरेल आणि घामाचा वास गच्चीभर. मयूर म्हणाला, "यार, बॉयलरच्या पोटातलं काढून द्या ना, बादल्या भरू." त्यात गंज लागू नये म्हणून औषध घातलेलं असतं, ते अंगावर घेता येत नाही. हे सांगितलं तर म्हणाले, हा बहाणे करतोय.

मग लोकांनी सवयीने शेगड्या पेटवल्या. शंभर घरांत एकदम चार चार बर्नर. बॉयलरचा आणि शेगडीचा गॅस एकाच पाइपातून येतो. पाच चाळीसला गॅसचा दाब पडला आणि बॉयलरही बंद. अठ्ठ्याण्णववाला.

सहा वाजता मी जिन्याने खाली निघालो. कोणाला तोंड दाखवायचं नव्हतं, पण तीनशे दोनचं दार उघडं होतं. दारात रांगोळी, पणत्या. काळुराम काका बाथरूमच्या दारात स्टूल टाकून बसले होते. एक हात नळाखाली. पाणी हातावरून वाहत होतं आणि ते म्हणत होते, "येल, येल, आता येल." किती वेळ म्हणत होते कोण जाणे.

सगुणा काकी शेजारी पाटावर. तेल जिरून गेलेलं, उटणं वाळून हातावर पांढुरकं तडकलेलं. दिशाने पातेलं ठेवलं होतं, पण शेगडीची ज्योत समईएवढी. मी थर्मामीटर नळाखाली धरला. पंचवीस. का धरला? लिहून घ्यायची सवय, दुसरं काय.

सहा वाजून वीस मिनिटं झाली. काकी म्हणाल्या, "दिशा, हात दे गो. दिस उगवल."

काका म्हणाले, "थांब गो जरा."

"किती थांबू? साठ वरसां थांबल्ये."

दार लोटलं. पहिला तांब्या पडला आणि आतून श्वास ओढल्याचा आवाज आला. दुसरा. तिसरा. मी मोजत होतो. काकांनी नळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान फिरवली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

काकी बाहेर आल्या तेव्हा दोन्ही हात छातीशी आखडलेले होते. उंबऱ्यात ठेवलेलं कारीट अंगठ्याने फोडायचा प्रयत्न केला, पाय वळेना. दिशाने खाली बसून त्यांचा पाय धरला आणि फोडलं. मग त्यांनी मला फराळाची ताटली द्यायला लावली. मी दोन चकल्या खाल्ल्या. त्या घरात उभं राहून, खाल्ल्या. स्वतःची शिसारी येणं म्हणजे काय ते आज कळलं.

निघताना मयूर वरून बोंबलत आला. त्या आंबट पाण्याने गझिबोच्या नव्या संगमरवराला चट्टे पडलेत. तेवढीच एक गोष्ट आज मला आवडली.

२२ ऑक्टोबर, पाडवा

घरीच. दोन दिवस फोन बंद ठेवला. शिवानीने पाडव्याचं म्हणून तेल लावून दिलं, पाठ चोळली, ओवाळलं. भरपूर कढत पाण्याने न्हालो, तीन बादल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा अंग सैल पडलं. माझं झाल्यावर ती आत गेली आणि लगेच बाहेरही आली. म्हटलं, एवढ्यात? म्हणाली, "झालं माझं."

बाबांना सगळं सांगितलं. अठ्ठावीसचंही. वाटलं होतं म्हणतील, मी म्हटलं नव्हतं? ते म्हणाले, "त्या बाईंचे पाय कसे आहेत?" मी विचारलंच नव्हतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिपेशने रिपोर्ट छापून पाठवला. गुळगुळीत कागद, वर पणतीचं चित्र. "दिवाळीच्या पहाटे, पूर्ण लोडवर, ९८.१ टक्के." ओळन् ओळ खरी आहे. हा रिपोर्ट घेऊन तो पुढचे तीन टॉवर विकणार आहे. मयूरने सही केलीय, त्याबदल्यात कंपनी त्याला संगमरवर नवा घालून देतेय. टाकीबद्दल चकार शब्द नाही. राहिल्या दोन सह्या. माझी आणि जमीनमालक म्हणून काळुराम काकांची. "म्हाताऱ्याला कागद दाखव, सही घे, वेळ लावू नकोस," दिपेश म्हणाला.

तीनशे दोनमध्ये गेलो. काकी कॉटवर होत्या. पाडव्यापासून उठलेल्या नाहीत. गुडघे सुजलेत, डॉक्टर येऊन गेले. दिशा फडकी गरम करून शेकत होती.

काकांनी पेन घेतलं, कागद लांब धरला. "मना इंग्लिस येत नाय. तू वाच. मराठीन वाच."

वाचलं. तारीख, वेळ पहाटे पाच पंचवीस, आकडा. माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटत होता.

कॉटवरून काकी म्हणाल्या, "पाच पंचवीसला? तवा तं मी तेल लावून बसलेली. नलाला थंड पानी व्हता."

"हो, काकी."

"मंग ह्यो आकडा कनाचा?"

मी सांगितलं. खोटं सांगता आलं असतं, त्यांना कळलं नसतं. पण सांगितलं, की या यंत्राकडे जेवढं गार पाणी जातं तेवढं ते चांगलं चालतं. टाकीत गरम पाणी उरलंच नव्हतं, सगळं गार होतं, म्हणून आकडा चढला.

त्यांनी थोडा विचार केला. रागाने नाही, हिशेब लावतात तसा.

"म्हंजे आमाला थंड पानी आयला, म्हनून तुजे यंतराला मार्क गावले."

काकांनी पेन खाली ठेवलं.

मी त्यांना अठ्ठावीसचं सांगितलं. टाकी कोणी काढली, आकडा कोणी उतरवला, कोणाच्या नावावर घातला. काकांचा जबडा हलत होता. शेवटी म्हणाले, "मयूरच्या मंडपाची जागा टाकीची हाय?" मी हो म्हटलं. त्यांनी दिशाला हाक मारून मयूरला फोन लावायला सांगितला. त्यांनी जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी रिपोर्टच्या तळाला, शेऱ्याच्या रकान्यात, मराठीत लिहिलं: "याच पहाटे तीनशे दोनच्या नळाचं पाणी पंचवीस अंश. गरम पाणी मिळालं नाही. साठवण कमी आहे, ती चूक माझी. दुसरी टाकी बसवल्याशिवाय काम पूर्ण समजू नये." खाली सही केली. काटा दिसला तेवढा. काकांनी वाचून घेतलं आणि त्याखाली त्यांची सही केली, मोठ्या अक्षरांत, रकान्याबाहेर जाईल अशी.

निघताना काकींनी विचारलं, सहज, पदर सारखा करत, "तुजे घरा पयला कोन न्हातं रं?"

मी म्हटलं, "बायको."

तोंडातून निघून गेलं. पाच मिनिटांपूर्वी कागदावर खरं लिहून छाती पुढे काढली होती. त्या "बरं हाय" म्हणाल्या आणि हसल्या, या सगळ्यात पहिल्यांदाच. तेव्हा खोटं मागेही घेता येईना.

वागळे इस्टेटला गेलोच नाही. रिपोर्टचा फोटो दिपेशला पाठवला, कन्सल्टंटलाही. दिपेशचे सात कॉल येऊन गेलेत.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळचे सहा. रात्री आठवत बसलो की पाडव्याला शिवानी किती वेळ आत होती. दोन मिनिटंही नाही. ऑगस्टमधलं पान उघडलं, तिथे मीच लिहून ठेवलंय, "तिला सवय आहे."

बाबा उठलेत, हॉलमध्ये खुर्चीत बसून माझ्याकडे बघतायत.

गीझर लावलाय. पाणी तापून त्याचा दिवा विझला की शिवानीला उठवणार आहे. ती आधी घड्याळ बघेल, मग मला विचारेल, तुझी अंघोळ झाली का.